स्नायुबल आणि त्याची नित्य जोपासना

बळाची आवश्यकता केवळ मल्लास, सैनिकास किंवा ओझी वाहणाऱ्या श्रमिकास असते, अशी समजूत सर्वत्र आढळते. कचेरीत बसून काम करणाऱ्या गृहस्थास, अथवा घर आणि नोकरी हे दोन्ही भार सांभाळणाऱ्या स्त्रीस बळाचा काय उपयोग, असे विचारले जाते. वास्तविक पाण्याने भरलेली बादली उचलणे, जिना चढणे, मांडी घालून बसल्यावर कोणाचाही आधार न घेता उठणे, ठेच लागली असता तोल सावरणे, ही सर्व कामे स्नायुबलाचीच आहेत. तारुण्यात ती सहज होतात, म्हणून त्यांचे मोल कळत नाही. वार्धक्यात मात्र मनुष्य स्वतंत्रपणे जगेल की परावलंबी होईल, हे पुष्कळ अंशी याच बळावर ठरते.

बळ कसे घटते

तिशीनंतर शरीरातील स्नायूंचे प्रमाण हळूहळू कमी होऊ लागते. पन्नाशीनंतर ही घट अधिक जाणवते. स्नायूंच्या आकारापेक्षाही त्यांचे बळ अधिक वेगाने ओसरते. १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी या ऱ्हासास ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ ‘मांसाची उणीव’ असा होतो.

या ऱ्हासाचा काही भाग हा वयाचा धर्म होय. परंतु पुष्कळसा भाग अनुपयोगाचा परिणाम असतो. मोडलेला हात प्लॅस्टरमध्ये ठेवला, म्हणजे तरुण मनुष्याचाही दंड काही आठवड्यांत बारीक होतो, ही गोष्ट सर्वांच्या पाहण्यातील आहे. खुर्चीत बसून वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या पायांचे आणि पाठीचे तेच होते. फक्त ते इतके सावकाश होते की लक्षात येत नाही.

२०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येकाच्या मुठीची पकड यंत्राने मोजली होती. पकड जितकी क्षीण, तितके पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक, असे आढळून आले. नुसती मूठ आवळण्याच्या सरावाने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. पकड ही सर्व शरीराच्या सामर्थ्याची निदर्शक आहे, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

बळ कसे वाढते

स्नायू हा असंख्य तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे असून, ते एकमेकांवरून सरकल्याने स्नायू आखडतो. हा सिद्धांत १९५४ मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन स्वतंत्र गटांनी मांडला. व्यायामास आरंभ केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढते, ते मुख्यतः मज्जातंतूंच्या शिक्षणामुळे: मेंदूच्या आज्ञेने पूर्वीपेक्षा अधिक तंतू एकाच वेळी कामास लागतात. स्नायूंचा आकार त्यानंतर वाढतो. म्हणून महिन्याभरात दंड भरला नाही, एवढ्यावरून व्यायाम निष्फळ ठरला असे मानू नये.

बळ वाढविण्याचा मूळ नियम असा की, सवयीपेक्षा थोडा अधिक भार स्नायूंवर पडला पाहिजे आणि तो क्रमाक्रमाने वाढत गेला पाहिजे. प्राचीन ग्रीसमधील मायलो या मल्लाने रोज एक वासरू खांद्यावर उचलले आणि वासराचा बैल होईतो त्याचे बळही वाढत गेले, अशी आख्यायिका आहे. या नियमास शास्त्रीय उपचाराचे रूप दिले ते टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे दुर्बळ झालेले पाय त्यांनी वाढत्या वजनांच्या साह्याने सशक्त केले आणि १९४५ मध्ये ही पद्धती प्रसिद्ध केली.

वय झाल्यावर हा नियम लागू पडत नाही, हा समजही खरा नाही. १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा भारयुक्त व्यायाम देण्यात आला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांचे पायांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक झाले. मात्र व्यायाम थांबविताच चार आठवड्यांत त्यात लक्षणीय घट झाली. बळ मिळविणे कोणत्याही वयात शक्य आहे. परंतु ते साठवून ठेवता येत नाही, हा या प्रयोगाचा दुहेरी धडा होय.

किती व्यायाम पुरेसा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम आणि त्याखेरीज १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखी मध्यम हालचाल सांगितली आहे. थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, हेही त्यांत स्पष्ट केले आहे. बळाच्या व्यायामासाठी दर खेपेस वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. त्यासाठी आखाडा किंवा महाग उपकरणे लागत नाहीत.

पुढील पाच क्रियांत सर्व प्रमुख स्नायू येतात. पहिली, बैठक: आरंभी खुर्चीवरून उठणे व बसणे, पुढे आधाराशिवाय. दुसरी, जोर: आरंभी भिंतीवर हात टेकून, नंतर भक्कम मेजावर, शेवटी जमिनीवर. तिसरी, पुढे वाकून एका हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढून घेणे. चौथी, पाठ ताठ ठेवून कमरेतून वाकणे आणि जमिनीवरील ओझे उचलणे. पाचवी, दोन्ही हातांत ओझे घेऊन चालणे. ओझ्यासाठी बादली चालते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने भार मोजून वाढविता येतो.

प्रत्येक क्रिया आठ ते बारा वेळा, अशा दोन फेऱ्या कराव्यात. ओझे घेऊन चालण्याच्या दोन फेऱ्या प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या असाव्यात. फेरीच्या अखेरीस आणखी दोन-तीन वेळा करता येईल इतकी शक्ती शिल्लक असावी. बारा वेळा सहज होऊ लागले, म्हणजे भार किंचित वाढवावा.

सवय कशी जडते

बहुतेकांचा व्यायाम सुटतो तो अज्ञानाने नव्हे, तर आरंभीच्या अतिउत्साहाने. पहिल्या दिवशी शंभर बैठका काढणारा मनुष्य चौथ्या दिवशी जिनाही उतरू शकत नाही आणि पुढे व्यायामाचे नावच टाकतो. सवय ही निश्चयापेक्षा प्रसंगाशी अधिक जोडलेली असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांना रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाशी एक नवी कृती जोडण्यास सांगितले. २०१० मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे ती कृती अंगवळणी पडण्यास कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवस लागतील असे दिसले. मध्यक ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

यावरून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. व्यायाम ‘वेळ मिळेल तेव्हा’ न ठेवता, ‘मंगळवारी व शनिवारी स्नानापूर्वी’ असा ठरावीक प्रसंगास बांधावा. आणि एक दिवस चुकला तर खंत न करता पुढचा दिवस साधावा.

परीक्षा, आजारपण, लग्नकार्य, प्रवास यांमुळे कोणाच्याही क्रमात खंड पडतोच. अशा वेळी सर्वच सोडण्याऐवजी प्रमाण कमी करावे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात चार महिने बळ कमावल्यानंतर आठवड्यातून एकच दिवस व्यायाम करणाऱ्यांचे बळ पुढील आठ महिने बहुतांशी टिकून राहिले. वृद्धांच्या स्नायूंचा आकार मात्र एवढ्याने टिकला नाही. म्हणून साठीनंतर शक्यतो दोन दिवसांचा क्रम मोडू नये.

आहार, विश्रांती आणि सावधगिरी

स्नायूंची घडण प्रथिनांची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या मनुष्यास सुमारे ५० ग्रॅम. डाळी, कडधान्ये, दूध, शेंगदाणे, अंडी व मासे यांतून ती मिळतात. स्नायूंची दुरुस्ती विश्रांतीत होते. यास्तव दोन खेपांत किमान एक दिवस सोडावा आणि रात्री सात तास तरी झोप घ्यावी.

ओझे उचलताना श्वास कोंडू नये, कारण त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. उचलताना श्वास सोडावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब, अंतर्गळ किंवा सांध्यांचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्नायूंचे सौम्य दुखणे स्वाभाविक होय. सांध्यातील तीव्र वेदना किंवा छातीतील कळ मात्र तत्काळ थांबण्याची सूचना समजावी.

सारांश, आठवड्यातील शंभराहून अधिक जाग्या तासांपैकी एक तासही पुरता न घेणारा हा क्रम आहे. तो एका महिन्यात मल्ल घडवीत नाही; परंतु वीस वर्षे चालू राहिला, तर सत्तराव्या वर्षी जमिनीवरून स्वतः उठण्याचे सामर्थ्य राखण्यास त्याचे मोठे साह्य होते.