गढूळ पिशवी फेकू नका

मेहरूणचे एक काका मध्यंतरी आले. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून घरीच पोटाचं डायलिसिस करतात: पोटात बसवलेल्या नळीतून पाणी सोडायचं आणि ते पुन्हा पिशवीत उतरवायचं.

"डॉक्टरसाहेब, चार दिवसांपासून पाणी पेजेसारखं येतंय. पण दुखत काही नाही."

"मग चार दिवस काय केलंत?"

"मेडिकलवरून अँटिबायोटिक आणलं. मागे त्यानंच बरं वाटलं होतं."

पिशवी? ती फेकून दिलेली.

माझ्या रुग्णांनो, दुखत नाही म्हणजे काळजी नाही आणि गोळीनं भागतं, हा समज एकदाचा सोडा. गढूळ पाणी म्हणजे पोटात जंतुसंसर्ग, हे धरूनच चालायचं. दुखो वा न दुखो. त्या पाण्यात दर घनमिलिमीटरला 100 हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल निघाल्या, की औषध त्याच दिवशी सुरू होतं. तेही बहुधा डायलिसिसच्या पिशवीतून थेट पोटात. तोंडानं घेतलेल्या गोळीवर भागत नाही. उलट गोळी आधी घेतली, तर कल्चरमध्ये जंतू अनेकदा सापडत नाही आणि आम्ही अंधारात चाचपडतो.

त्याहून वाईट म्हणजे बुरशी. अँटिबायोटिकनं जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. काकांच्या पाण्यात कॅन्डिडा निघाली. अशा वेळी नळी लगेच काढावीच लागते. ती ठेवून बुरशी जाणं फार दुर्मीळ. काका वाचले, पण आता यंत्रावरच्या डायलिसिससाठी खेपा घालताहेत.

योग्य औषधानं 5 दिवसांत पाणी निवळलं नाही, तरी नळी काढायचा विचार करावा लागतो. कल्चर कोरं आणि पाणी गढूळच, तर आम्ही क्षयरोगही शोधतो. घाबरू नका, त्यावर औषधं आहेत. ती बरेच महिने घ्यावी लागतात, पण नळी पुष्कळदा वाचते. नेहमीचे जंतू पहिल्याच दिवशी पकडले, तर बहुतेक रुग्ण नळीसकट बरे होतात.

जळगावचा मे महिना मलाही कळतो. तरी पाणी बदलताना कूलर आणि पंखा बंदच हवा, खिडक्या लावलेल्या हव्यात, मास्क हवा, हात साबणानं धुऊन कोरडे केलेले हवेत. व्हॉट्सॲपवरचा हळदीचा लेप नळीच्या तोंडाशी लावाल, तर मी रागावणारच. तिथं लाली, पू किंवा दुखणं दिसलं, की दाखवायला या. ताप, उलटी, पोटदुखी असेल तर रात्रसुद्धा काढू नका.

आज पोटातलं पाणी पिशवीत उतरलं, की हेच पान तिच्याखाली धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली आणि ताप, उलटी, पोटदुखी नसेल, तर निर्धास्त राहा. धूसर दिसली, तर गोळी न घेता ती पिशवी उचला आणि तडक दवाखाना गाठा.