सवय बदलते कशी?

सभासद बंधूंनो, पाचट जाळू नका असे दरवर्षी सांगून होते, माना डोलतात, आणि तोड संपली की काडी पडतेच. माणूस सांगण्याने कमी आणि केल्यावर लगेच हाती काय येते त्यावरून जास्त शिकतो, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे म्हणणे होते. पाचट पेटवले की रान तासाभरात मोकळे. कुजवले तर फायदा खोडव्यात, तोही हळूहळू. मग काडी जिंकणार नाही तर काय?

राजस्थानात उदयपूरकडील १३४ गावांत लसीकरणाचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. जिथे जादा काही केले नाही तिथे १ ते ३ वर्षांच्या मुलांपैकी ६ टक्क्यांच्याच सर्व लसी पुऱ्या झालेल्या. न चुकता शिबिर भरले तिथे १८ टक्के. शिबिरात दर लसीला किलोभर डाळ आणि शेवटी ताटे दिली, तिथे ३९. लाच म्हणा हवे तर! पण डाळ त्याच दिवशी पदरात पडत होती.

आपण मात्र पाचट कुजवणाऱ्याला नारळ देतो तो वार्षिक सभेत. त्यापेक्षा शेतकी मदतनिसाने सरीत पाचट पाहिले की बांधावरच युरियाच्या पोत्याची चिठ्ठी फाडावी. पाचटावर टाकायला युरिया तेव्हाच लागतो.