मुंग्यांचा उन्हाळी उपद्रव व त्याचा बंदोबस्त

होळी झाली की पेण व रोहा तालुक्यांतील घराघरांतून वर्षाच्या बेगमीस प्रारंभ होतो. पोह्यांचे पापड, मिरगुंडे, कुरडया, सांडगे यांची वाळवणे अंगणात पडू लागतात. पेणच्या पापडांची ख्याती तर जिल्ह्याबाहेरही पोहोचलेली असून तेथील अनेक कुटुंबांच्या चरितार्थास या व्यवसायाचा आधार आहे. शेतातून आलेले वाल सुकवून डब्यांत भरले जातात. पुढे आंबा व फणस उतरू लागतात, गुळाच्या ढेपा घरात येतात. नेमक्या याच दिवसांत भिंतीच्या कडेने, चौकटीच्या फटीतून, कौलांच्या आधाराने मुंग्यांच्या रांगा स्वयंपाकघराकडे वळतात.

विषय किरकोळ वाटण्याजोगा आहे. मुंगीमुळे कोणाचे गाव ओस पडत नाही आणि तिच्यासाठी टंचाई आराखडाही करावा लागत नाही. तथापि मुंगी घालवण्यासाठी आपण घरात, शाळेत वा अंगणवाडीत जे आणून ठेवतो, ते मुंगीपेक्षा कितीतरी पटींनी घातक असू शकते. याच कारणास्तव हा विषय शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यापुढे मांडणे अगत्याचे वाटते.

मुंगी घरात का येते

मुंगीच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. उष्मा वाढला की तिची हालचाल वाढते, वसाहतीतील अळ्यांची वाढ झपाट्याने होते आणि त्यांना पोसण्यासाठी अधिक अन्न लागते. त्याच वेळी बाहेरची जमीन तापून कोरडी पडलेली असते. खारेपाटातील गावांत तर एप्रिल-मे महिन्यांत माणसांनाच पिण्याचे पाणी दुर्मिळ होते. अशा परिसरात माठाखालची ओल, मोरीचा कोपरा, गळका नळ ही मुंगीच्या दृष्टीने पाणवठ्याचीच ठिकाणे ठरतात. रोह्याकडे कुंडलिकेच्या कालव्यांमुळे काही भागांत उन्हाळ्यातही ओलावा टिकतो. परंतु स्वयंपाकघरातील गुळाचे आकर्षण तेथेही कमी होत नाही. पुढे जूनमध्ये पहिल्या सरींचे पाणी वारुळांत शिरले की मुंग्या अंडी व अळ्या तोंडात धरून उंच व कोरड्या जागी, म्हणजे बहुधा आपल्या जोत्यावर, स्थलांतर करतात. पावसाची चाहूल म्हणून जुनी माणसे ज्या रांगेकडे बोट दाखवतात, ती हीच.

अन्नाच्या शोधात बाहेर पडणाऱ्या मुंग्या वसाहतीतील एकूण मुंग्यांच्या मानाने थोड्या असतात व त्यांत वयस्कर कामकरी मुंग्यांचा भरणा असतो. अन्न गवसलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधद्रव्याची सूक्ष्म रेषा सोडत जाते. तिच्या मागोमाग येणाऱ्या मुंग्या तीच रेषा अधिक ठळक करतात आणि बघता बघता एकीची शंभर होतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कामकरी मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. ती द्रव पदार्थ पोटात साठवते आणि वसाहतीत परतल्यावर इतर मुंग्यांना व अळ्यांना तोंडातून भरवते. अळ्या व राणी यांचे पोषण अशा रीतीने बाहेर फिरणाऱ्या मुंग्यांवर अवलंबून असते. पुढे सांगावयाच्या उपायाचे मर्म याच गोष्टीत आहे.

मुंबई इलाख्यातील मुंग्यांचा अभ्यास तसा जुना आहे. वनखात्यातील अधिकारी आर. सी. रॉटन यांनी 1892 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या भागातील मुंग्यांविषयी विस्ताराने लिहिले. मीठ व जकात खात्यात नोकरी करणारे आणि काही काळ उरण येथे राहिलेले ई. एच. एटकेन यांनीही 1883 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात घरातल्या उंदीर, पाली, डास यांच्या जोडीने मुंग्यांना एक प्रकरण दिले. सरकारी नोकरीतील माणसाने कचेरीच्या टेबलावरच्या मुंग्यांकडे वैतागाऐवजी कुतूहलाने पाहिले, ही गोष्ट आज खणात बिस्किटाचा पुडा ठेवून मुंग्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आम्हा कर्मचाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे.

जुने उपाय आणि त्यांतील एक उणीव

आपल्या वाडवडिलांनी मुंगीस मारण्यापेक्षा अडवण्यावर भर दिला. शिंक्यावर दुधाचे भांडे टांगणे, गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवणे, वाळवणाच्या बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करणे, उंबऱ्यावर चुलीच्या राखेची रेघ ओढणे हे उपाय आजही उपयोगी आहेत. राखेची वा हळदीची रेघ कोरडी असेतोवर मुंगी ती सहसा ओलांडत नाही; दमट हवेत मात्र ती दररोज नव्याने ओढावी लागते. रॉकेलचा बोळा फिरवण्याची पद्धत मात्र सोडून देणे इष्ट होय, कारण चुलीजवळ ती आगीला निमंत्रण देते आणि तिचा वास अन्नास लागतो.

पाण्याच्या वाट्यांविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. फडताळाच्या पायांखालच्या अशा वाट्यांतील स्वच्छ, स्थिर पाणी हे डेंगी व चिकुनगुनियाचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाच्या पैदाशीचे आवडते ठिकाण आहे. आरोग्य कर्मचारी पिंप व टाक्या तपासतात, परंतु फडताळाखालची वाटी पुष्कळदा नजरेतून सुटते. आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व पाणीसाठे रिकामे करून कोरडे करण्याचा जो परिपाठ गावोगावी सांगितला जातो, त्यात या वाट्यांचाही समावेश असावा. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी वाटीत मिठाचे दाट पाणी घालावे अथवा पाण्यावर खाद्यतेलाचा तवंग सोडावा. मिठागरांच्या पेण तालुक्यात मुठभर जाड्या मिठाची वाण पडू नये.

याखेरीज दोन साध्या गोष्टी. रांग दिसताच केवळ मुंग्या झटकून उपयोग नाही. साबणाच्या पाण्याने ओला केलेला फडका रांगेच्या संपूर्ण मार्गावरून फिरवावा, म्हणजे गंधाची रेषा पुसली जाते व मागून येणाऱ्या मुंग्यांची वाट चुकते. नंतर रांग ज्या फटीतून येत होती ती फट सिमेंटने अथवा निदान मातीच्या लेपाने बुजवावी. दुसरी गोष्ट छपराची. आंब्याच्या फांद्या कौलांना टेकल्या असतील तर त्या हात-दोन हात छाटाव्यात. झाडावरील तुडतुडे व पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंगळे झाडावर जातात आणि फांदीवरून रात्रीच्या वेळी थेट आढ्यावर उतरतात. झाडावरची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या ओंबीलांना मात्र घरापासून दूरच्या बागेत हात लावू नये. त्या चावऱ्या असल्या तरी अनेक किडींचा फडशा पाडतात. चीनमधील बागायतदारांनी तर संत्रावर्गीय फळबागांच्या राखणीसाठी त्यांचा शतकानुशतके उपयोग केला आहे.

पांढऱ्या भुकटीचा वारसा

राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम 1958 साली सुरू झाल्यानंतर डीडीटी व बीएचसी या कीटकनाशकांची फवारणी खेड्यापाड्यांत परिचयाची झाली. त्या मोहिमेने अनेकांचे प्राण वाचवले, यात संशय नाही. परंतु तिच्यासोबत पांढऱ्या भुकटीविषयीचा एक आंधळा विश्वासही घरात आला. मुंगी दिसली की गॅमेक्सीनची भुकटी भुरभुरावयाची, हा अनेक घरांचा नेम होऊन बसला. बीएचसीवर 1 एप्रिल 1997 पासून आपल्या देशात बंदी आहे. तिच्यातील प्रभावी घटक असलेल्या लिंडेनचा वापरही 2013 पासून बंद झाला. शेतात वापरले जाणारे फोरेट आणि घरातही फवारले जाणारे डायक्लोरव्हॉस यांवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आली. तरीही जुन्या पुड्या माळ्यावर, खताच्या गोणीमागे वा शाळेच्या अडगळीत शिल्लक असू शकतात. पीठ, मीठ, खाण्याचा सोडा यांच्याशी त्यांचे दृश्य साम्य हीच खरी भीती होय.

ही भीती कल्पनेतील नाही. 1958 साली केरळमध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशकांवर नियंत्रण ठेवणारा 1968 चा कायदा होण्यामागे या दुर्घटनेची पार्श्वभूमी आहे. कायदा झाला तरी निष्काळजीपणा संपला नाही. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथील प्राथमिक शाळेत दुपारच्या भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन 23 बालके मृत्युमुखी पडली. तेथे मुंग्यांचा काही संबंध नव्हता. परंतु ज्या स्वयंपाकघरात कीटकनाशक वा त्याचा रिकामा डबा पोहोचू शकतो, तेथे काय घडू शकते हे त्या घटनेने दाखवून दिले.

बाजारात मिळणाऱ्या मुंग्यांच्या खडूविषयीही सावधगिरी हवी. त्यात पायरेथ्रॉईड वर्गातील कीटकनाशक मिसळलेले असते, आणि तो दिसतो फळ्यावरच्या खडूसारखाच. जेथे मुले खडू हातात घेतात व प्रसंगी तोंडातही घालतात, त्या शाळेत वा अंगणवाडीत असा खडू असताच कामा नये.

फवाऱ्याचा दोष वेगळा आहे. तो समोरच्या मुंग्या मारतो, परंतु राणी व अळ्या फटीत सुरक्षित राहतात. फिकट पिवळसर, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या फॅरो मुंगीच्या बाबतीत तर उलटाच परिणाम होतो. तिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारणीने डिवचलेली वसाहत फुटून तिच्या अनेक वसाहती होतात व एका खोलीतील उपद्रव चार खोल्यांत पसरतो. आरोग्य उपकेंद्रांनी या मुंगीकडे दुर्लक्ष करू नये. ब्रिटनमधील रुग्णालयांत या मुंग्यांकडून रोगजंतूंचा प्रसार होऊ शकतो, हे 1972 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून निदर्शनास आणले गेले होते.

मंद आमिष

सर्व काळजी घेऊनही मुंग्या हटल्या नाहीत, तर वसाहतीच्या मुळाशी पोहोचणारा उपाय करावा लागतो. त्यासाठी विष जलद नव्हे, तर मंद हवे. मुंगी वाटेतच मेली तर ते राणीपर्यंत पोहोचणार नाही. कॅरमच्या पाटावर टाकतात ती बोरिक पावडर या कामी उपयोगी पडते. अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम साखर व 5 ग्रॅम बोरिक पावडर पूर्णपणे विरघळवावी. हे प्रमाण वाढवण्याचा मोह टाळावा. पावडर अधिक झाल्यास मुंग्या आमिषास तोंड लावत नाहीत किंवा लवकर मरतात. या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा झाकणाच्या लहान डबीत ठेवून डबीस बाजूने बारीक छिद्रे पाडावीत व ती रांगेच्या मार्गावर, मुलांचा व गुराढोरांचा हात किंवा तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. पहिल्या दोन दिवसांत डबीभोवती मुंग्यांची गर्दी वाढलेली दिसेल. अनेकजण येथेच धीर सोडून फवारा हाती घेतात व केलेले काम वाया घालवतात. रांग विरळ होण्यास आठवडा, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर आमिषाची वाट पुसू नये आणि बोळा वाळल्यास बदलावा.

बोरिक पावडर सौम्य समजली जात असली तरी पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांच्या, ती विषारीच आहे. डबीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे, मिश्रणासाठी वापरलेले भांडे व चमचा पुन्हा स्वयंपाकात आणू नये आणि शिल्लक पावडर मूळ वेष्टनातच कुलपात ठेवावी. कोणाच्या पोटात कीटकनाशक गेल्याचा संशय आल्यास घरगुती उपायाने उलटी करवण्याच्या खटपटीत वेळ न दवडता, वेष्टन सोबत घेऊन रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. कोणते विष आहे हे वेष्टनावरून कळल्यास उपचार त्वरित ठरवता येतात.

शाळा व अंगणवाडी

शालेय पोषण आहाराच्या कोठीत आमिषसुद्धा ठेवू नये. तेथे घट्ट झाकणाचे डबे, भिंतीपासून वीतभर दूर असलेली फळी आणि रोजच्या रोज पुसलेली जमीन एवढेच साधन पुरेसे मानावे. उन्हाळी सुटीपूर्वी उरलेली साखर व गूळ उघडे ठेवून खोलीस कुलूप लावले, तर जूनमध्ये काय दृश्य दिसते हे शिक्षकांना सांगावयास नको. शाळा व्यवस्थापन समितीने सुटी लागण्याच्या सुमारास कोठीची एकदा पाहणी करावी आणि जुन्या पुड्या, बाटल्या, बिनलेबलाचे डबे सापडल्यास ते आवाराबाहेर काढावेत. ते ओढ्यात फेकणे वा जाळणे हा उपाय नव्हे. ग्रामपंचायतीमार्फत तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

अंगणवाडीत व घरीही तान्ह्या मुलाच्या अंथरुणावर दुधाचे वा पेजेचे थेंब राहू देऊ नयेत. तांबडी चावरी मुंगी झोपलेल्या मुलास दंश करते आणि बोलता न येणाऱ्या मुलाच्या रडण्याचे कारण पुष्कळ वेळ कळत नाही. पाळण्याच्या वा झोळीच्या दोरीवर, मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, व्हॅसलीनचा जाडसर पट्टा लावल्यास मुंगी खाली उतरत नाही. पाळण्याभोवती कोणतीही भुकटी टाकू नये.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे कीटक जमतात व सकाळी जमिनीवर पंखांचा खच पडलेला दिसतो. त्या वेळी झाडू मारण्यापूर्वी पंख पाहावेत. पुढचे पंख मोठे व मागचे लहान असतील आणि कीटकाची कंबर बारीक असेल, तर त्या पंखवाल्या मुंग्या असून काही करण्याची आवश्यकता नाही. चारही पंख सारख्याच लांबीचे आणि कंबर जाड असेल, तर ती वाळवी होय. मग मात्र त्याच आठवड्यात तुळया, चौकटी व दप्तराची कपाटे तपासून घ्यावीत.