दहापैकी एक



सालेकशाहून डोंगरगडकडे जाताना दरेकसाजवळच्या बोगद्यात डब्यात क्षणभर काळोख होतो. मुले ओरडतात, आपण गप्पांत रमतो. गाडी उशिरा आली, तर मात्र आपली कुरकुर थांबत नाही.

नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग १८८० च्या दशकात आधी मीटरगेज झाला; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो पुढे रुंद केला. इतिहासात कंपनीचे नाव राहिले. डोंगर फोडणाऱ्या मजुरांचे नाव आपल्यापैकी कोण घेतो?

लूकच्या शुभवर्तमानात (१७:११-१९) दहा कुष्ठरोगी बरे झाले. आभार मानायला एकच परतला, तोही परका शोमरोनी. उरलेले नऊ दुष्ट होते असे नाही. मिळालेले सुख त्यांना हक्काचे वाटले असावे. वीज, नळ, मोबाइल यांबाबत आपणही त्या नऊ जणांतच मोडतो.

कृतज्ञता वस्तूपाशी थांबत नाही. ती राबणाऱ्या माणसापर्यंत आणि परमेश्वरापर्यंत पोचते. मिस्सेत भाकर व द्राक्षारस अर्पण करताना देवाच्या दानाबरोबर माणसाचे कष्टही वेदीवर येतात. या आठवड्यात स्टेशनवर गँगमन भेटला, तर त्याची विचारपूस करू या. आपली उपकारस्तुती तिथूनच सुरू होवो.