आधी धूर बघा, पंप नंतर खोला

खंडेनवमीला ट्रकच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, किल्ली फिरते आणि सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसतो. जूनपासून बांधावर उभ्या राहिलेल्या जुन्या डिझेल गाड्यांचे हे दरवर्षीचे रडगाणे आहे. साखर कारखान्याचा बॉयलर पेटायला थोडेच दिवस उरलेले असतात, तोडणी टोळीला उचल देऊन झालेली असते. मग घाईघाईने ट्रॅक्टर लावून गाडी गॅरेजला नेली जाते आणि तिथे पहिला संशय हमखास पंपावर. पंप उतरतो, कॅलिब्रेशनला जातो, बिल फाटते. गाडी मात्र फाट्यापर्यंत जाते आणि पुन्हा बंद पडते.

टाटा 1210, 407 किंवा त्याच पिढीतल्या लेलँडच्या गाड्यांमध्ये पंप असा चार महिन्यांत उभ्या उभ्या सहसा बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या अलीकडचे: टाकी, जाळी, रबरी पाइप, फिल्टर, बॅटरीच्या वायरी. हे सगळे शेतकऱ्याला दोन पाने, एक पोपटपाना आणि स्वच्छ डबा घेऊन घरच्या घरी तपासता येते. फक्त एक लक्षात असू द्यावे. हा सल्ला जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांपुरता आहे. कॉमन रेल इंजिनात पाइपमधला दाब हजार बारच्या वर जातो, तिथे नट सैल करण्याच्या भानगडीत पडू नये.

सेल्फ फिरतच नसेल किंवा कण्हत फिरत असेल तर डिझेलकडे बघायचे कारण नाही. डिझेल इंजिन ठिणगीवर नाही, दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटते. सेल्फने वेग दिला नाही तर ती उष्णता तयारच होत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना ती 9.5 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमली आहे किंवा पुरेशी चार्ज झालेली नाही. 24 व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यातली एकच नवी टाकली तर जुनी बॅटरी नवीलाही खाली ओढते, म्हणून जोडी एकदमच बदलावी. पण नवी बॅटरी आणण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि सोड्याने धुऊन बघावी. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही घासून कसावी. ही पट्टी गंजली की चांगली बॅटरीसुद्धा बदनाम होते.

सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पेट घेत नाही, तेव्हा एकाने केबिनमध्ये बसावे आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाशी नजर ठेवावी. धूर अजिबात नसेल तर नोझलपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, पण जळत नाही: कारण थंडी, डिझेलमधले पाणी, कमी कॉम्प्रेशन किंवा चुकलेला टायमिंग. काळा भपका म्हणजे हवा कमी पडते आहे, एअर क्लीनर उघडावा. ही दोन मिनिटांची पाहणी अनेक गॅरेजांत होत नाही, याचे नवल वाटते.

धूर नसेल तर सर्वांत आधी स्टॉपची केबल बघावी. पावसाळ्यात ती गंजून अडकते. डॅशबोर्डवरचा खटका आत गेलेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर ‘बंद’कडेच राहतो. तो हाताने मागे सरकवला की कित्येक गाड्या तिथल्या तिथे सुरू होतात.

त्यानंतर पाणी. अर्धी रिकामी टाकी चार महिने उभी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्यावर बाष्प जमते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाते. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना भिडतात तिथे काळपट, बुळबुळीत थर धरतो आणि तोच पुढे जाळीत व फिल्टरमध्ये अडकतो. टाकीखालचा ड्रेन प्लग सैल करून पहिले लिटरभर काचेच्या बरणीत घ्यावे आणि थोडा वेळ तसेच ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर स्वच्छ डिझेल लागेपर्यंत टाकी सोडावी आणि फिल्टर बदलावेत. धुऊन परत बसवलेला कागदी फिल्टर ही खोटी बचत आहे.

सर्वांत जास्त चकवते ती हवा. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर टपकते आणि दिसते. टाकी ते फीड पंप या भागात मात्र पाइप डिझेल ओढत असतो. तिथली चीर बाहेर थेंबही सांडत नाही, गुपचूप हवा आत घेते. रात्री उभी केलेली गाडी सकाळी हँड प्रायमर मारल्याशिवाय सुरू होत नाही, आयडलला चढ-उतार करते, मध्येच थांबते, ही तिची लक्षणे. उन्हाने कडक झालेला रबरी पाइप आणि पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार. शंका असेल तर पाच लिटरचा स्वच्छ डबा फीड पंपापेक्षा उंच बांधावा आणि त्यातून नळीने थेट फीड पंपाला डिझेल द्यावे. गाडी डब्यावर बिनतक्रार चालली तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे. पंपाला हात लावायची गरज नाही.

हवा काढताना फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत प्रायमर मारून तो आवळावा. मग पंपावरच्या स्क्रूचे तसेच. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नये. तो कातडीतून आत शिरतो आणि जखम लहान दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. हवेच्या पाइपाशी पेट्रोलचा बोळा धरण्याची युक्तीही सोडावी. हीटर प्लगच्या इंजिनात तर तिने स्फोटासारखा दणका बसतो, रिंगा आणि पिस्टन जातात.

गाडी पंधरा-वीस मिनिटे नीट चालते, मग दम सोडते आणि थोडी थांबली की पुन्हा सुरू होते, असे असेल तर बंद पडल्या क्षणी टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणाचे किंवा ब्रीदरचे छिद्र बुजले आहे. चिखल तर असतोच, कधी कुंभारीण माशीने त्यात मातीचे घर केलेले सापडते. फुस्स झाले नाही तर टाकीतली जाळी काढून बघावी: इंजिन बंद झाले की तिला चिकटलेला गाळ खाली बसतो, म्हणून गाडी पुन्हा चालल्याचा भास होतो.

नाशिक पट्ट्यातल्या द्राक्ष आणि कांदा उत्पादकांना आणखी एक पेच असतो. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. भारतीय मानकानुसार उन्हाळी डिझेल 18 अंशांपर्यंत, तर हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे. मे महिन्यात भरलेले डिझेल टाकीत तसेच राहिले तर पहाटे त्यात मेणाचे कण धरून फिल्टर तुंबू शकतो. अशा गाडीने नोव्हेंबरातच जुने डिझेल संपवून ताजे भरावे. थंडीने तुंबलेला फिल्टर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकावा, टेंभ्याने नव्हे.

एवढे सगळे झाले, डब्यावरही गाडी अडखळते आणि पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, तर मात्र आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. ते ठीक निघाले तर नोझल आणि पंप बेंचवर न्यावेत.