बालवाचक आणि त्याचा आश्रयदाता

मुलांच्या नियतकालिकाचा वाचक मूल असते. वर्गणी मात्र दुसराच कोणीतरी भरतो. मराठी बालनियतकालिकांची चर्चा करताना संपादकाची भाषा, चित्रे, बोधाचे प्रमाण यांचा विचार होतो. खर्च कोणी सोसला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः मजकुराचा कल पुष्कळदा त्याच प्रश्नाच्या उत्तराने ठरलेला दिसतो.

अमेरिकन मराठी मिशनचा ‘बालबोधमेवा’ हे याचे उघड उदाहरण होय. छपाई मिशनची, हेतू धर्मबोधाचा. मनोरंजन हे त्या हेतूचे वाहन. 1881 मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ सुरू केला, तेव्हा आश्रयदाता बदलला. मिशनच्या जागी सुशिक्षित पालक आला. चरित्र, निबंध, कविता, शास्त्रीय माहिती असा मजकूर ओकांनी तीन दशकांहून अधिक काळ बव्हंशी एकहाती लिहिला. हे परिश्रम असामान्यच. परंतु मुलाने शहाणे व्हावे ही पालकाची अपेक्षा त्यांत सतत जाणवते. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये काढलेल्या ‘आनंद’ मासिकाने मुलाच्या रंजनाचा हक्क नावातच मान्य केला. तरीही वर्गणी न परवडणाऱ्या घरातील मूल या व्यवहाराच्या बाहेरच राहिले.

या दृष्टीने साने गुरुजींचा अंमळनेर येथील प्रयोग विशेष विचारार्ह ठरतो. 1924 ते 1930 या काळात शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. येथे मुद्रक नाही, वर्गणीदार नाही, आणि वाचक तर लेखकाच्या डोळ्यांसमोर! कोणता मजकूर आवडला, कोणता कंटाळवाणा झाला, हे कळण्यास दुसरा दिवस पुरेसा होता. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. मुलांना रिझवणे हीच ईश्वरसेवा, ही त्यांची भूमिका होती. सेवेसाठी रंजन असा साधनसाध्यभेद तीत उरत नाही. 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक मुख्यतः वैचारिक होते. परंतु पुतणीला उद्देशून लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ त्यातलीच. 11 जून 1950 रोजी गुरुजींचे निधन झाले, साप्ताहिक मात्र चालू राहिले. नरेंद्र दाभोलकर संपादक असताना त्याचा बालकुमार दिवाळी अंक अल्प किमतीत निघू लागला. शाळा व हितचिंतक यांनी एकगठ्ठा प्रती घेऊन मुलांपर्यंत पोहोचवाव्यात, अशी ही रीत आहे.

दरम्यान नोव्हेंबर 1971 मध्ये ‘बालभारती’ने ‘किशोर’ मासिक सुरू केल्याने शासनप्रणीत संस्थाही आश्रयदाती झाली होती. किंमत आटोक्यात राहिली, अनेक नामवंत लेखक व चित्रकार लाभले.

असा उदार आश्रय इष्ट आहे, यात वाद नाही. मात्र त्यात एक अडचण संभवते, तिचा विचार व्हावयास हवा. नाराज वर्गणीदार वर्गणी थांबवतो, आणि संपादकाला आपला निकाल समजतो. भेट म्हणून अंक मिळालेले मूल तक्रार करीत नाही. अंक न वाचता बाजूला ठेवते. पुढील वर्षीची खरेदी त्यामुळे घटत नाही. अशा वेळी अंमळनेरचा तो दुसरा दिवस संपादकाने कोठून आणावा?

या प्रश्नाचे एक अंशतः उत्तर महाराष्ट्राबाहेर, बंगळूर येथे मिळते. तेथे 2004 मध्ये स्थापन झालेली ‘प्रथम बुक्स’ ही ना-नफा प्रकाशनसंस्था मराठीसह अनेक भारतीय भाषांत स्वस्त बालपुस्तके काढते. हे नियतकालिक नव्हे. तथापि प्रश्न तोच आहे. 2015 मध्ये या संस्थेने ‘स्टोरीवीव्हर’ हा मुक्त कथासंग्रह महाजालावर खुला केला. त्यातील कथा कोणीही विनामूल्य वाचावी, भाषांतरित करावी, छापून घ्यावी, अशी परवान्यातच तरतूद आहे. आणि प्रत्येक कथा किती वेळा वाचली गेली याची नोंदही तेथे दिसते. दात्याच्या मर्जीपलीकडचा असा पुरावा ओकांना किंवा आपट्यांना उपलब्ध नव्हता. अर्थात ही नोंद मुलाचीच असते असे नाही, कारण ज्या भ्रमणध्वनीवर ती कथा उघडते तो बहुतेक घरांत अद्याप वडीलधाऱ्यांच्याच हाती असतो.