पाण्याला वाट, आवाजाला अडसर

पोरी, जुनी माझदा मिआटा घेतलीस हे ऐकून बरं वाटलं. ती घरच्या गॅरेजात उघडायची, आतून शांत करायची आणि बाहेरून देखणी करायची असं तुझ्या मनात आहे. माझी सगळी नोकरी डेट्रॉइटमध्ये गाड्यांचा आवाज आणि थरथर मोजण्यात झाली, आणि सुट्टीचे दिवस पत्रा ठोकण्यात. म्हणून मामाचे चार शब्द कानाआड करू नकोस.

सार आधीच सांगतो. गाडीला दोन जातींची भोकं असतात. काही पाणी बाहेर पडावं म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात, ती कधी बुजवायची नाहीत. काहींतून आवाज आत येतो, त्यातलं एकही सोडायचं नाही. घरी केलेलं काम बिघडतं ते बहुधा या दोघांत गल्लत झाल्यामुळे.

कामाचा क्रम मोडू नकोस

आधी गंज, मग पत्रा, मग रंग, मग पाण्याची गळती, आणि सगळ्यात शेवटी आवाजाच्या शीट. माणसं उलटं करतात, कारण शीट चिकटवणं सोपं असतं आणि लगेच काहीतरी केल्यासारखं वाटतं. मग महिन्याभरात खालचा गंज सापडतो आणि चिकटवलेलं सगळं खरवडावं लागतं. शिवाय शीट आणि फोम पेट घेतात. त्यांच्या पलीकडच्या बाजूला वेल्डिंगची ठिणगी उडवणं म्हणजे घर पणाला लावणं.

गाडीचा स्वभाव ओळख

ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तुझी पहिल्या पिढीतली आहे, म्हणजे १९९७ पर्यंतची. दोन माणसं, कापडी छप्पर, वजन टनाच्या आसपास. पुढच्या पिढ्या धरून २०१६ मध्ये हिची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. लोक हिच्यावर भाळले ते हलकेपणामुळे. माझदाच्या इंजिनिअरांनी एग्झॉस्टचा सूरसुद्धा मुद्दाम जुळवून घेतला होता, तो मारू नकोस. आपल्याला नको आहे ती पत्र्याची थरथर, टायरची घरघर आणि फटींतून शिरणारा वारा. किती किलो माल घालायचा ते आधीच वहीत लिही आणि प्रत्येक शीट तोलून मगच लाव. पंधरा किलोच्या वर गेलीस तर तू दुसरीच गाडी बनवते आहेस असं समज.

आवाज कुठून येतो ते आधी शोध

मैत्रिणीला गाडी चालवायला दे आणि तू शेजारी बस. दोन सीटांमधल्या पत्र्याच्या बोगद्यावर, दारावर, सीटमागच्या पत्र्यावर हात ठेव. थरथर हाताला कळते, वारा कानाला. मग स्वस्तातली कामं आधी उरक. टायर जुने होऊन टणक झाले असतील तर कुठलीही शीट त्यांची घरघर झाकणार नाही. एग्झॉस्ट टांगणारी रबरं फाटली आहेत का ते बघ. दारात कागदाची पट्टी धरून दार लाव आणि पट्टी ओढ. ती अलगद निघाली तर तिथं रबर बसत नाही. गिअरच्या दांडीखाली दोन रबरी टोप्या असतात, आणि या वयाच्या मिआटात त्या बहुतेक फाटलेल्याच सापडतात. तिथून गरम हवा आणि गिअरबॉक्सचा आवाज सरळ मांडीवर येतो. त्या बदलल्यावर जो फरक पडेल तो निम्म्या गाडीला शीट लावूनही पडणार नाही.

एका मालाकडून तीन कामं मागू नकोस

दुकानदार सगळ्याला ‘साउंडप्रूफिंग’ म्हणून विकतो, पण कामं तीन आहेत. पहिलं, पत्र्याची थरथर मारणं. त्यासाठी ॲल्युमिनियमची पाठ असलेली बुटिल रबराची शीट. दुसरं, आवाज अडवणं. त्याला वजनच लागतं. जड व्हिनाइलची शीट चौरस मीटरला साधारण पाच किलो भरते. वजन दुप्पट केलं की अडवणूक सुमारे ६ डेसिबलनं वाढते, म्हणजे हलक्या गाडीत हा सौदा महागाचा. तिसरं, आत शिरलेला आवाज शोषणं. त्याला जाडी लागते. १०० हर्ट्झच्या घुमण्याची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिच्यापुढे बोटभर फोमचं काही चालत नाही. पातळ फोमनं वरच्या पट्टीतली सळसळ कमी होते, तेवढीच.

बुटिल सगळीकडे फासू नकोस. पत्र्याच्या मधोमध पाव भाग झाकला तरी बरीचशी थरथर मरते. पुढची प्रत्येक शीट वजन पुरेपूर घेते आणि गुण थोडाच देते. बोटाच्या पेरानं पत्रा वाजव. ‘टण्ण’ आवाज आला तर शीट हवी, ‘ठप’ आला तर पुढे जा. बोगदा आणि सीटमागचा पत्रा मात्र हात राखून करू नकोस, तिथं मिळकत आहे.

एक टक्का भोक सगळं खातं

भिंत कितीही जाड कर, तिच्यात एक टक्का जागा उघडी राहिली तर अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून वायरी जिथून आत येतात तिथली रबरी बुचं, पेडलच्या मागची फट, सीटबेल्टच्या बोल्टभोवतीची जागा आधी बंद कर. जड व्हिनाइल घालायचंच असेल तर फक्त बोगद्यावर आणि पायाशी घाल, खाली बंद पेशींचा पातळ फोम ठेव आणि जोड नीट चिकटव. व्हिनाइल पत्र्याला थेट टेकलं की पत्र्याबरोबर तेही थरथरतं. आणि डोक्यावर कापड आहे हे विसरू नकोस. वरून येणारा वारा खालच्या शीटनं थांबत नाही.

चिकटवताना

जुन्या कारखानी डांबरी पट्ट्या उलथन्यानं खरवडत बसू नकोस. कोरडा बर्फ ठेव, पट्टी कडक झाली की हलकेच ठोक, तुकडे पडतात. पण दार उघडं ठेव, तो बर्फ म्हणजे कार्बन डायऑक्साइड आहे आणि बंद जागेत जीव घेतो. मग पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घे. हवा थंड असेल तर शीट आणि पत्रा दोन्ही कोमट करून घे. छोट्या रोलरनं फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाब. खाली हवा राहिली तर शीट पत्र्याचं काही ऐकत नाही. हातमोजे घाल, त्या फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. छपरावर लावायची डांबरी टेप स्वस्त म्हणून आणू नकोस. उन्हात वास मारते आणि उभ्या पत्र्यावरून घसरते.

सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर शेजारच्या प्रवाशाच्या पायाखाली, कार्पेटच्या आत असतो. तो शीटखाली गाडू नकोस, आणि तिथं ओल दिसली तर बाकी सगळं सोडून ती ओल शोध.

दाराच्या आत पाणी येणारच

काचेच्या कडेनं पाऊस दारात उतरतो, ते ठरलेलंच आहे. दाराच्या तळाशी त्याला बाहेर पडायला भोकं असतात. तिथं शीटची कड जाऊ देऊ नकोस. बुटिल बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध, तळापासून चार बोटं वर. पाणी पिणारा फोम किंवा गोधडीसारखा भराव दारात नको. आतल्या कव्हरमागचं प्लास्टिक फाटलं असेल तर नवीन लाव आणि बुटिलच्या दोरीनं कडा बंद कर. पाणी त्याच्या पलीकडे राहिलं पाहिजे.

हिचं मरण छपराच्या नाल्यांत आहे

कापडी छपराच्या मागं पन्हळ असते. तिच्यात पडलेलं पाणी सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांतून नळीवाटे खाली येतं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पानं, माती साचून ती नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पेटीत मुक्काम करतं. तिला इकडे रॉकर म्हणतात. बाहेरून फोड दिसतो तोवर आतून पत्रा खल्लास झालेला असतो. प्रत्येक कोपऱ्यात बाटलीभर पाणी ओत आणि खाली बघ. लगेच धार आली नाही तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हळू आत सार. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नकोस, नळी आतल्या आत निसटते.

कापण्याआधी आधार दे

छप्पर नसलेल्या गाडीचा ताठपणा बराचसा या रॉकरमध्ये असतो. तो कापताना गाडी वाकली तर दार पुन्हा नीट लागत नाही. गाडी मजबूत घोड्यांवर समतल ठेव, नुसत्या जॅकवर कधीच नाही. दारांच्या फटी आधी मोजून लिही आणि एका वेळी एकच बाजू उघड. या मॉडेलमध्ये बॅटरी डिकीत असते, ती काढ. एअरबॅग असेल तर थोडा वेळ थांबून मगच पुढे जा. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे आहे, तेव्हा मागच्या टोकाला वेल्डिंग असेल तर जाणत्या माणसाला बोलाव. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढायची नाही. लांब लांब ठिपके दे, थंड होऊ दे, मग मधले भर.

बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. तिथं लोहचुंबक चिकटला नाही म्हणून पुट्टी भरली आहे असं समजू नकोस. लोखंडावर वापरलेली घासायची चकती त्यावर लावू नकोस. बंपर प्लास्टिकचे आहेत, त्यांचा प्रायमर वेगळा.

पुट्टी शेवटची, पहिली नाही

पोचा हातोडी आणि डॉलीनं (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यानं) जितका वर येईल तितका आण. पुट्टी तीन मिलिमीटरच्या वर गेली की ती पुढे कधीतरी तडकणार. गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढ, त्यावर इपॉक्सी प्रायमर दे. पुट्टीत हार्डनर साधारण दोन टक्के, अंदाजानं नाही तर तोलून. ८० नंबरच्या कागदानं आकार दे, मग १८०, मग ३२०, नेहमी लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलंस तर बोटांच्या खाचा रंगात उमटतील. वर काळ्या रंगाचा हलका फवारा मार आणि पुन्हा घास. जिथं काळं उरलं तिथं खड्डा, जिथं आधी गेलं तिथं उंचवटा. डोळा फसतो, हा काळा फवारा फसवत नाही.

फुफ्फुसं आणि घर वाचव

दोन भागांत मिसळायच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडतो आणि तो जन्मभर राहतो. कोळशाचा साधा मास्क त्याला पुरेसा धरू नकोस, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून पत्रा, पुट्टी, प्रायमरची घासाई तू कर, पण शेवटचा रंग रंगाच्या दुकानात मारून घे. तिथंही बरेचसे पैसे घासाईचेच जातात, ते तुझे वाचलेले असतील. आणि अमेरिकेतल्या घरांत पाणी तापवायचा गॅसचा बंब बऱ्याचदा गॅरेजातच असतो. थिनरची वाफ जमिनीलगत सरकत त्या ज्योतीपर्यंत जाते. थिनर उघडायचं तर बंब आधी बंद.

मीठ येण्याआधी मेण

डेट्रॉइटच्या खाली साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात मीठ सगळ्या रस्त्यांवर असतं. रंग वाळला की लांब नळीच्या फवाऱ्यानं रॉकरच्या पोकळीत, दारांच्या तळाशी आणि डिकीच्या कोपऱ्यांत गंजरोधक मेण मार. ते वाहून थांबलं की खालची भोकं काडीनं पुन्हा मोकळी कर. हे विसरणारे फार असतात. मेण तपासून पुन्हा मारणं हे दर शरदातलं काम आहे. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात गाडी ठेवणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू.

तेव्हा पैसे शीटवर घालण्याआधी दोन बाटल्या पाणी, एक कागदाची पट्टी आणि मैत्रिणीची एक फेरी एवढं कर. त्यातून जी यादी निघेल ती मला पाठव, माल कुठला आणि किती आणायचा ते त्यावरून ठरवू.